दगड आधी, वाळू नंतर

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या आणि घरच्या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या म्बुना माशांबद्दल मागे लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मी दगडांबद्दल आहेत. ते साहजिकच आहे. सरोवराकाठच्या टोंगा भाषेत 'म्बुना' म्हणजे खडकातला मासा. कपारी नसतील तर हा मासा घाबरलेला तरी राहतो, नाहीतर दिवसभर मारामाऱ्या करतो. पण काचेच्या पेटीत ३०-४० किलो दगड रचायचे म्हणजे जबाबदारीचं काम आहे. म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न घेतले आहेत.

नाशिकहून : टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच १० मिमी. त्यात ४० किलो काळा दगड घालायचा आहे. तळाची काच फुटेल का? खाली काय अंथरू?

नुसत्या वजनाने फुटणार नाही. हिशेब करून बघा. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे २४० लिटर पाणी मावतं, म्हणजे तळावर आधीच २४० किलोंचा भार आहे. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. ४० किलो दगड साधारण साडेतेरा लिटर पाणी बाजूला सारतो, त्यामुळे पाण्याखाली त्याचा भार २६-२७ किलोच उरतो. तळावरच्या भारात जेमतेम अकरा टक्क्यांची भर पडली.

काचेचा घात दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे टोकावर एकवटलेला भार. सपाट बसलेला १० किलोंचा दगड काच निमूटपणे पेलते, पण तोच दगड करंगळीच्या नखाएवढ्या कोपऱ्यावर उभा राहिला किंवा त्याच्याखाली खडीचा एखादा कण अडकला, तर सगळा जोर त्या एका ठिपक्यावर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पडता दगड. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहितो, कारण दगडांमुळे टँक फुटतात ते बहुधा त्यानेच.

म्हणून सर्वात खालच्या दगडांची निवड शांतपणे करा. प्रत्येकाची सपाट बाजू शोधा, ती ब्रशने घासून धुवा आणि दगड फरशीवर ठेवून हलवून बघा. चूल तीन दगडांची का असते? तीन टेकूंवर ठेवलेलं काहीही डगमगत नाही. खालचा दगडही निदान तीन ठिकाणी, लांब लांब टेकला पाहिजे. काच आणि दगड यांच्यामध्ये ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा किंवा छतातल्या दिव्यांखाली लावतात ती प्लास्टिकची चौकोनी जाळी घाला. तिने काचेवर ओरखडे येत नाहीत आणि दगड ठेवताना हात निसटला तर थोडा धक्का शोषला जातो. मात्र टोकदार दगड जाळीवर ठेवला म्हणून सुरक्षित होत नाही.

टँकच्या बाहेरच्या तळाकडेही बघा. तळाची काच थेट स्टँडवर टेकत असेल, तर मध्ये थर्माकोलचा अखंड तुकडा हवाच. पण टँकला खालून प्लास्टिकची चौकट असेल आणि काच त्या चौकटीत अधांतरी असेल, तर थर्माकोल घालू नका. त्याने काचेला खालून नको तिथे दाब बसतो. अशा टँकमध्ये दगडही मधोमध न रचता कडेकडेला विभागून ठेवा.

पुण्याहून : वाळूवर दगड रचले होते. माशांनी उकरून उकरून दोन महिन्यांत एक बाजू खचवली. रात्री आवाज झाला, सकाळी वरचा दगड पुढच्या काचेला टेकलेला दिसला. काच शाबूत आहे. आता मासे आत असताना दुरुस्ती करता येईल का?

काच वाचली हे तुमचं नशीब. माझ्या पहिल्या तीन फुटी टँकची वाचली नव्हती. जेमतेम तीन किलोंचा दगड होता, पण पहाटे घसरला आणि पुढची काच कोपऱ्यापासून तडकली. उठलो तेव्हा खोलीभर पाणी होतं आणि मासे तळाच्या चार बोटं पाण्यात तडफडत होते. त्यातले निम्मेच वाचले. चूक पूर्णपणे माझी होती आणि ती हीच, वाळूवर दगड.

पाण्याच्या दाबाने पुढची काच आधीच किंचित बाहेर फुगलेली असते, म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणलेली असते. काच दाब खूप सोसते, ताण फार थोडा सोसते. अशा काचेला आतून दगडाचा टोला बसला की ताणात भर पडते आणि ती जाते. तळाला खाली आधार असतो, उभ्या काचेला कसलाच नसतो.

दुरुस्ती आजच करा, पण पाणी भरलेल्या टँकमध्ये मासे असताना दगड उचलू नका. घाबरलेला मासा नेमका त्याच कपारीत शिरतो आणि चिरडला जातो. आधी हीटर आणि फिल्टर बंद करा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर फुटतो, म्हणून तो थंड होईपर्यंत थांबा. मग काचेला टेकलेला तेवढा एकच दगड, मागे मासा नाही हे बघून, दोन्ही हातांनी धरून अलगद सोडवा. टँकचंच पाणी मोठ्या टबात काढा, त्यात एअर पंपाची नळी सोडा, वर झाकण ठेवा (म्बुना उडी मारतात). पाणी निम्म्यावर आलं की वरून खाली एकेक दगड काढा आणि प्रत्येकाच्या भोकाफटीत मासा आहे का ते बघा. सगळे मासे टबात गेल्यावरच तळ मोकळा करा.

वाळू एका बाजूला सारून खालचे दगड थेट जाळीवर बसवा. पहिला थर पक्का झाला की मगच त्यांच्याभोवती तीन-चार सेंटिमीटर वाळू ओता. आता मासे कितीही उकरोत, दगडाखाली उकरायला काही उरत नाही.

रचण्यासाठी शेतातल्या दगडी ताली आठवा. चिखल-सिमेंट नसताना त्या वर्षानुवर्षं उभ्या राहतात, कारण खाली मोठे दगड, वर लहान, पाया रुंद आणि माथा अरुंद. सांध्यावर सांधा येत नाही, वरचा दगड खालच्या दोघांवर बसतो. फट राहिली तिथे गवंडी चिपा ठोकतो. टँकमध्ये ठोकायचं नाही, पण दगडाच्या चपट्या चिपा हाताने सरकवून बसवायच्या. सगळी रचना आधी जमिनीवर, टँकच्या मापाची चौकट खडूने आखून करा. मी चार-पाच वेळा मोडून पुन्हा मांडतो आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. प्रत्येक थरानंतर तळहाताने बाजूने चांगला रेटा द्या. हलला तर काढा. उंची टँकच्या दोन तृतीयांशाच्या वर नेऊ नका. मागच्या काचेला रेलवून ढीग उभा करण्याचा मोह होतो, तो टाळा. चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवा, पुढे तर तळहात आणि काच पुसायचं मॅग्नेट आरामात फिरेल एवढी.

दगड आत ठेवताना टँकमध्ये वीतभर पाणी असू द्या आणि सोबत दुसरं माणूस घ्या. दगड टेकेपर्यंत त्याच्याखालचा हात काढायचा नाही.

रत्नागिरीहून : घराच्या बांधकामातला जांभा आणि शहाबादी फरशीचे तुकडे पडून आहेत. चालतील का?

जांभा हलका आणि सच्छिद्र असतो, दिसतोही सुंदर, पण त्याच्या कडा पाण्यात झिजतात आणि तांबडी माती सुटत राहते. तो एकटा, तळाशी ठेवा. त्याच्यावर दुसऱ्या दगडाचा भार देऊ नका.

शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. ओट्याचा काळा कडप्पाही त्याच जातीचा. खिळ्याने ओरखडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर चुना आहे. असा दगड पाण्याची क्षारता हळूहळू वाढवतो. मलावी सरोवराचं पाणी मुळातच अल्कधर्मी असल्याने म्बुनांना तो चालतो, डिस्कस किंवा टेट्रा अशा मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या माशांच्या टँकला नाही. फरशीचा मोठा उपयोग म्हणजे गुहेचं छत. दोन भक्कम दगडांवर दोन्हीकडे निदान चार बोटं टेकेल असा तुकडा घ्या, त्याच्या धारदार कडा घासून बोथट करा आणि त्याच्यावर जड दगड चढवू नका.

काळ्या दगडातही एक बघायचं. सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यातले काही कॅल्साइटचे, म्हणजे फेसाळणारे, तर काही सुईसारखे टोकदार. टोकदार नकोत. खाणीतला दगड हातोडीने हलकेच वाजवून घ्या. अखंड दगड खणखणीत वाजतो, आतून तडा असेल तर आवाज बद्द येतो. आणि नदीचे गोल गोटे एकावर एक कधीही रचू नका.

ठाण्याहून : दगड सिलिकॉनने चिकटवले तर निश्चिंत होता येईल का?

मदत होते, पण जे मुळात तोलून बसलेलं नाही ते सिलिकॉनच्या भरवशावर उभं करू नका. दगड पूर्ण कोरडे आणि धूळमुक्त हवेत. बुरशीरोधक औषध नसलेलं, वाळताना व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन घ्या. जाड थर वाळायला आठवडा लागतो, घाई करू नका. दोन-तीन दगडांचे गट करून चिकटवा. पूर्ण डोंगर एकसंध केलात तर आजारी मासा पकडायला तो काढणार कसा?

साताऱ्याहून : दगड उकळून घेऊ का?

नको. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो आणि तुकडे अंगावर येतात. ताठ ब्रशने घासा, बादलीत ठेवून वरून उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा.

पणजीहून : दुकानात पांढरं वाळलेलं प्रवाळ मिळतं, ते दगडांऐवजी वापरू?

घेऊ नका. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मेलेल्या तुकड्यांचा व्यापारही गुन्हा आहे.

मुंबईहून : तिसऱ्या मजल्यावर राहतो. दगडांसकट चार फुटी टँक जमिनीला झेपेल?

पाणी, ५० किलो काच, स्टँड आणि दगड मिळून साडेतीनशे किलोंच्या आसपास जातं. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला २०० किलोंच्या सुमाराचा भार धरतात आणि तुमचा टँक अर्ध्या चौरस मीटरवर उभा असेल. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये भार आजूबाजूला पसरतो, म्हणून एवढा टँक बहुतेक इमारतींत चालून जातो. पण तो खोलीच्या मध्ये नको. भिंतीलगत, शक्यतो खाली बीम असेल तिथे ठेवा. स्टँडच्या चार पायांखाली जाड प्लायवुडची सलग फळी घाला. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून भेगा असतील किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. लाकडी तुळयांच्या मजल्यावर एवढा टँक मी स्वतः ठेवणार नाही. तिथे दोन फुटी टँक घ्या आणि त्यात पाच-सहा किलो दगडांची एकच कपार करा. म्बुनांना तेवढी जागा पुरत नाही, पण गप्पींचं कुटुंब सुखाने राहील.