इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ऋग्वेदातल्या गाण्यांत भारतीय असं काय आहे? आणि शिकायला आधी कोणतं घ्यावं?

चाल भारतीय नाही. राग शोधत बसाल तर वेळ फुकट जाईल. शब्द इंग्रजी, साथीला पियानो. पण म्हणून ‘यात आपलं काय?’ असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. हेच वाक्य मी आमच्या काकांकडून ऐकलंय, त्यांच्या पंचाहत्तरीला, घरभर पाहुण्यांसमोर.

तेव्हा मी पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकत होते. होल्स्टनं १९०७-०८ मध्ये एकट्या गळ्यासाठी नऊ वैदिक गीतं केली, त्यातलं सहावं, बेडकांचं गाणं, बाईंनी मला दिलं होतं. मी नुसतं नाव सांगितलं आणि काका म्हणाले, “वेदात बेडूक? साहेबानं थट्टा केलीय, आणि तू ती आमच्याच घरात गातेस?” पुरुषसूक्त, श्रीसूक्त, रुद्र सगळं तोंडपाठ असलेला माणूस, त्यांच्यापुढे कोण बोलणार? मी गायले. टाळ्या चार पडल्या, तेवढ्यात काकूंनी वड्या आणल्या.

रात्री आवराआवर झाल्यावर त्यांच्याच कपाटातून चित्रावशास्त्र्यांचं ऋग्वेदाचं मराठी भाषांतर काढलं. सातवं मंडल, एकशे तिसरं सूक्त. वर्षभर निपचित पडलेल्या बेडकांना पावसानं वाचा फुटते, व्रतस्थ ब्राह्मणांसारखी. एक गाईसारखा हंबरतो, एक बोकडासारखा ओरडतो. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. गुरूमागून शिष्यानं संथा म्हणावी तसं एकाचं बोलणं दुसरा म्हणतो. काकांनी चष्मा लावून दहाही ऋचांचा अर्थ वाचला आणि म्हणाले, “हे भाषांतर झालं.” मग मी मूळ म्हटलं: ‘संवत्सरं शशयाना ब्राह्मणा व्रतचारिणः’. बाईनं ऋचा म्हणू नये असंही त्यांचं मत होतं, पण त्या रात्री ते काही बोलले नाहीत. उठून झोपायला गेले.

तर भारतीय काय, तर निवड. उषा, वरुण, मरुत होल्स्टनंही घेतलेत, ते कोणीही घेईल. बेडूक घेणाऱ्यानं पोथी उघडून नीट वाचलेली असते. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारा हा माणूस. तयार इंग्रजी भाषांतरं पटेनात म्हणून संस्कृत अक्षरं गिरवून शब्दकोश घेऊन बसला. पंडित नव्हता हो, शब्दाला शब्द लावून बघू नका. आणि थट्टेचा संशय एकट्या काकांचाच नव्हे, संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्स म्युलर, त्यालाही या सूक्तात पुरोहितांची टिंगल दिसली होती. पण मग ती ऋषीनं केलेली. होल्स्टला का बोल लावायचा?

शिकायला बेडकांचंच घ्या. चार-सहा जणी जमत असतील तर स्त्रियांचा समूह आणि हार्प (उभं मोठं तंतुवाद्य) यांच्यासाठी त्यानं १९१० साली केलेली सूक्तं बघा, हार्प नसेल तर पियानोवर भागवा. तुमचे शिक्षक नको म्हणाले तर मात्र त्यांचं ऐका, तुमचा आवाज त्यांनी ऐकलाय, मी नाही. आणि घरी गाणार असाल तर गाण्याच्या आधीच क्रमांक सांगून टाका: ७.१०३.