आण्णांचे आकडे कोणी बघायचे?

मावशी, माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. हार्ट फेल्युअरमुळे गेल्या दीड वर्षात त्यांना दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. शुगर आणि प्रेशर तर जुनंच. आई-आण्णा कराडजवळ गावी असतात, मी ठाण्यात, दादा न्यू जर्सीला. दादाने मोबाइलला जोडलेलं प्रेशरचं मशीन, वजनकाटा, ऑक्सिमीटर आणि हॉलमध्ये कॅमेरा असं सगळं बसवून दिलं. आकडे घरच्या ग्रुपवर येतात. महिनाभर आण्णांनी ऐकलं, आता मशीनला हात लावत नाहीत. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात. आकडे आले नाहीत की दादा आईवर ओरडतो आणि आई रडत मला फोन करते. परवा आण्णा म्हणाले, "मी काय कैदी आहे का?" त्यांना कसं समजावू?
— एक लेक, ठाणे

अगं बाळ, आधी तो कॅमेरा काढायला सांग. आणि गुपचूप नको, आण्णांना सांगून काढा. हॉलमध्ये माणूस बनियनवर बसतो, डुलकी घेतो, शेजारचे येऊन चार गोष्टी बोलून जातात. तिथे लेक-मुलगा सतत बघताहेत ही जाणीव कुणालाही टोचेल. वर आण्णांच्या आजाराला त्याचा उपयोगही फारसा नाही. हृदय अशक्त झालं की शरीरात पाणी साठायला लागतं, आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. ते आधी वजनकाट्यावर दिसतं. पावलं सुजणं, झोपताना दोनाच्या तीन उशा लागणं, न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागणं हे बऱ्याचदा त्यानंतर येतं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर ते जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला तर कितीदा औषध बदलून भागतं, अ‍ॅडमिशन टळते. म्हणून दादाने आणलेल्या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाचा तो साधा काटा आहे.

आता मुद्द्याचं. आण्णांना कसं समजावू, असं तू विचारलंस. मला त्याआधी विचारायचंय की आकडा ग्रुपवर आला की पुढे काय होतं? तुझ्या पत्रात डॉक्टर कुठेच नाहीत. तुम्ही दोघं काळजी करता, आईला फोन जातो आणि तिथेच सगळं थांबतं.

या गोष्टीवर मोठे अभ्यास झालेत. अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या १६५३ रुग्णांवर एक झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित यंत्रणेला फोन लावून वजन आणि त्रास कळवायचा. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा अ‍ॅडमिट होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक नव्हता. १४ टक्के लोकांनी ती सोय एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे जेमतेम ५५ टक्के उरले. म्हणजे कंटाळणारे आण्णा एकटे नाहीत. पुढे जर्मनीत १५७१ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१८ साली आला. तिथे वजन, प्रेशर, ईसीजी, ऑक्सिजन रोज एका केंद्रात जायचं. केंद्रात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले, आणि ते रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी जोडलेले. तिथे फरक पडला. नेहमीच्या उपचारात शंभर रुग्णांमागे वर्षाला साधारण ११ मृत्यू, तर या गटात ८. आकडे पाठवायची सोय दोन्हीकडे रोजची होती गं, पण पहिल्या अभ्यासात ते फक्त कामाच्या दिवशी बघितले जायचे, दुसरीकडे ते वाचून लगेच काही करणारं माणूस चोवीस तास होतं.

तुमच्याकडे तसं केंद्र नाही, पण त्यातलं थोडं घरी उभं करता येईल. पुढच्या तपासणीला आण्णांसोबत तू स्वतः जा आणि डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे: वजन कितीच्या वर गेलं तर फोन करायचा, प्रेशर कितीच्या वर आणि कितीच्या खाली गेलं तर, फोन कुणाला, रात्री कुणाला. लघवीची गोळी कमी-जास्त करायची असेल तर ती त्यांनी लिहून दिल्याप्रमाणेच, दादाच्या मनाने नाही. गावात गाडी काढणारं कोण आहे, त्याचाही नंबर त्याच कागदावर हवा.

मग आकडे बघणारा एकच ठरवा. मी दादाचं नाव सुचवीन. आण्णांनी सकाळी सातला वजन केलं तर त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. तो घरी, निवांत असेल. त्याने आकडा बघायचा, कागदाशी ताडायचा, ओलांडला असेल तर थेट डॉक्टरांना फोन करायचा. आईला नाही. एखाद दिवस आकडा आला नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. सलग दोन दिवस नाही आला तर फोन आण्णांना करायचा. ही माउली त्यांचं पथ्याचं जेवण आणि गोळ्या आधीच सांभाळते आहे, तिला हिशेबनीस करू नका. आणि तू ग्रुपवरचे आकडे बघणं सोड. फोन कर, पण उसाला तोड आली का, ते विचारायला.

मोजमापही कमी करा. वजन रोज एकदा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत. प्रेशर किती वेळा घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. घेताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन. चिडलेल्या माणसाचं प्रेशर घेतलं तर ते वाढलेलंच येणार. बोटातून शुगर तपासताना आधी हात धुवायला सांग, आंबा खाल्लेल्या बोटाचा आकडा खोटा चढा येतो.

आईला मात्र एक पक्कं सांगून ठेव. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, भोवळ आली, बोलणं असंबद्ध झालं, तर मशीन शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा गाडी. घाम फुटून हात थरथरायला लागले तर शुगर तपासायची, ७० च्या खाली असली किंवा मशीन हाताशी नसलं तर आधी साखरेचं पाणी पाजायचं. ग्रुपवर नंतर.

आता आण्णांशी बोलणं. फोनवर नको, जाऊन बस. कॅमेरा काढल्यावरच विषय काढ. "आण्णा, तुमच्या तब्येतीतलं आम्हाला काय कळावं आणि काय कळू नये असं तुम्हाला वाटतं?" एवढं विचार आणि गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागेल. काट्याशेजारी एक वही ठेव, वजन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावं. दोनदा दवाखान्यात काढल्यावर तिथे परत जायची भीती त्यांनाही असणार. कुठला आकडा ती वेळ लांबवू शकतो, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आजवर मशीन कसं लावायचं ते सगळ्यांनी सांगितलं, कशासाठी ते बहुधा कुणी सांगितलं नसेल.

एवढं करूनही ते फक्त काट्याला हो म्हणाले आणि बाकी सगळं नको म्हणाले, तर तेवढं घे. प्रेशर गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन बघता येईल, ऑक्सिमीटर कपाटात राहू दे. दादाला हे पटायला जड जाईल. इतक्या लांब असलेल्या मुलाला हे आकडे म्हणजेच आण्णांजवळ असणं वाटत असेल, हे मी समजू शकते. त्याला हे पत्र जसंच्या तसं पाठव.