प्रश्न तुमचे: सासऱ्यांचा डावा हात, भावाचे पाय आणि मावशीचं कबूतर

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६७) सात महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली. आता काठी घेऊन गॅलरीत चालतात पण डावा हात नुसता पोटाशी धरून बसतात, बोटं थोडी हलतात, मनगट जरासं वर होतं. शेजारी म्हणतात सहा महिन्यांत यायचं ते येतं, पुढे काही नाही. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतो, वीस मिनिटं हात हलवून देतो आणि जातो. मिस्टरांच्या ऑफिसमध्ये कोणीतरी स्टेम सेलचं सांगितलंय, लाखांतलं काम आहे. करावं का? – एक सून, भांडुप

उत्तर : ताई, पहिले त्या सहा महिन्यांचं बघू कारण ही गोष्ट मला आठवड्याला एकदा तरी कोणीतरी सांगतंच. पहिले तीन महिने मेंदू आपणहून बरीच डागडुजी करत असतो, सूज उतरते, आजूबाजूचा भाग काम उचलायला लागतो, म्हणून तेव्हा फरक भराभर दिसतो. नंतर वेग कमी होतो हे खरंय. पण शटर पडत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरला, म्हणजे तिथल्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलात, हाताचा एक कोर्स चालतो, तीन आठवड्यांत ९० तास, त्यांनी २०१९ मध्ये २२४ पेशंटचे निकाल छापले, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना स्ट्रोक (हाच पॅरालिसिसचा अटॅक) होऊन दीड वर्षावर झालेलं. तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही सुधारलेलेच होते. तुलनेला दुसरा गट नव्हता हेही सांगायला हवं, पण "सहा महिन्यांनंतर काही नाही" या वाक्याला एवढं पुरे आहे.

आता पोटाशी धरलेला हात. एडवर्ड टाऊब या अमेरिकन शास्त्रज्ञानं माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या, हलवणाऱ्या नसा शाबूत ठेवल्या, तरी माकडानं तो हात वापरणंच सोडलं. मग चांगला हात बांधून ठेवला तर तोच "गेलेला" हात कामाला लागला. (या माकडांवरून १९८१ मध्ये मोठी कोर्टकचेरी झाली ते वेगळंच रामायण.) म्हणजे सुरुवातीला हात खरंच उठत नाही, दोन-चारदा फजिती होते, दुसऱ्या हातानं काम होतं, आणि पुढे थोडं बळ आलं तरी सवय मोडलेली असते. यावरूनच चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून तो अडवायची ट्रीटमेंट निघाली. अमेरिकेत २२२ लोकांवर तिची मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला, स्ट्रोकनंतर ३ ते ९ महिने झालेली माणसं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखीच. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात हातमोजा आणि रोज काही तास दुसऱ्या हाताचा सराव. नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला. मुख्य अट ही की मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून वर आली पाहिजेत. तुमच्याकडे मनगट वर होतं, बोटं हलतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी एवढा उत्साहात आहे!

तुमच्या फिजिओची मला चिंता वेगळ्या कारणानं वाटते. तो हात हलवतो, सासरे हलवत नाहीत. अमेरिकेतच २००९ मध्ये कोणीतरी बसून मोजलं की एका सेशनमध्ये पेशंट दुखऱ्या हातानं कामाची हालचाल किती वेळा करतो, तर सरासरी ३२. माकडा-उंदरांच्या प्रयोगात मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी केल्यावर. आमच्या फिजिओच्या धंद्याला लाज वाटावी असा आकडा आहे, आणि मी स्वतः कित्येक वर्षं त्याच ३२ मध्ये होतो.

डिलाईल रोडच्या एका चाळीत मी एका काकांकडे जायचो, गिरणीत जॉबर होते, उजवा हात गेलेला. बॉल दाबायला दिला की वैतागायचे, "पोरखेळ नको" म्हणायचे. खाटेखाली कॅरम होता तो काढला. १९ सोंगट्या, बोर्डावरून एकेक उचलून वाटीत, वाटीतून परत बोर्डावर, म्हणजे एका फेरीत ३८ वेळा. पहिल्या दिवशी एका फेरीला पंचवीस मिनिटं लागली आणि सहा सोंगट्या खाटेखाली गेल्या, त्या काकूंनी झाडूनं काढल्या. पावडरीमुळे सोंगटी चिमटीतून निसटत होती म्हणून बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला, मग जमायला लागलं. महिन्याभरात सकाळी चार संध्याकाळी चार अशा आठ फेऱ्या व्हायला लागल्या, म्हणजे ३०४, आणि मोजायचं काम नातवाकडे, तो आजोबांना एक सोंगटी माफ करत नव्हता. तीन-एक महिन्यांत शर्टाची बटणं लावायला लागले, गळ्याचं सोडून. स्ट्रायकर अजून नेम सोडून जातो, त्यावर ते मला शिव्या घालतात.

तुमच्याकडे कॅरम नसेल तर शेंगदाणे, कपड्यांचे चिमटे, मटार सोलणं, गॅलरीतल्या दोरीवरचे रुमाल काढणं, काहीही चालेल. त्यांना ज्यात रस आहे ते द्या आणि वहीत आकडा लिहा. आणि सासूबाईंना हळूच सांगा की चहाचा कप तोंडाशी धरू नका, डाव्या बाजूला अर्धा भरून ठेवा, फार गरम नको. अवघड आहे मला माहितीये, माणूस धडपडताना बघवत नाही. चांगल्या हातातला हातमोजा मात्र बसलेले असतानाच, एक-दोन तासांपासून सुरुवात, फिजिओ समोर असताना. चालताना, बाथरूममध्ये अजिबात नको, काठी धरायला तो चांगला हातच आहे. आणि रिक्षात चढवताना डाव्या दंडाला धरून ओढू नका, खांदा ढिला असतो, एकदा दुखायला लागला की सगळा सराव बोंबलतो. दारावर कप्पी लावून दोन्ही हात वर ओढायचा तो व्यायामही नको, त्यानं खांदेदुखी वाढते.

तुम्ही म्हणाल मग फिजिओला काढूनच टाकू, घरीच करू. नाही. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलं आणि १२५० पेशंट घेऊन चाचणी झाली, घरच्यांना शिकवून घरीच रिहॅब करायचं. २०१७ ला निकाल आला, सहा महिन्यांनी काही फरक नाही. घरच्यांचं प्रेम कमी पडलं असं मी म्हणणार नाही, माझ्या मते नुसतं शिकवून सोडून दिलं की सराव पातळ होतो आणि आज जमलं ते उद्या थोडं अवघड कोण करणार. म्हणून फिजिओ ठेवा पण त्याचं काम बदला, त्यानं दर आठवड्याला आकडा बघून पुढचा पाठ द्यायचा.

स्टेम सेल : नको. भारतातच १२० स्ट्रोक पेशंटवर चाचणी झाली, त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, २०१४ ला निकाल छापून आला, फायदा शून्य. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत स्ट्रोकसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. म्हणजे लाखांचं कोटेशन आलं तिथेच उत्तर मिळालं. हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या रोबोटचंही विचारलं असतं तर सांगितलं असतं की ब्रिटनमध्ये ७७० लोकांवर करून बघितलं, २०१९ मध्ये, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा हात जास्त सुधारले नाहीत.

प्रश्न : भाऊ (२९) साइटवर पडला, पाठीचा मणका तुटला, दोन वर्षं कमरेखाली काही नाही. मेंदूत चिप बसवून माणूस चालतो तो व्हिडिओ बघून रोज विचारतो आपल्याकडे कधी येणार. काय सांगू? – डोंबिवली

उत्तर : व्हिडिओ खरा आहे हे पहिलं सांगा, त्याला खोटं आवडणार नाही. खेर्ट-यान ऑस्कम हा डच गृहस्थ, २०११ मध्ये चीनमध्ये अपघात होऊन मानेत मार बसला. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या टीमनं त्याच्या मेंदूवर दोन इम्प्लांट बसवले आणि कमरेजवळ मज्जारज्जूवर एक, मेंदूतला "पाय उचल" हा हुकूम वायरलेसनं खाली पोचतो, मधला तुटका रस्ता टाळून. २०२३ ला हे छापून आलं. कुबड्या घेऊन चालतो, जिनाही चढतो. पण तो एकच माणूस होता, आणि त्याचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नव्हता.

कळीचा मुद्दा तोच आहे. डिस्चार्ज कार्डावर एएसआयए म्हणून, म्हणजे इजा किती गंभीर ते सांगणारं, ए ते ई मधलं अक्षर असतं. ए म्हणजे कम्प्लीट, पूर्ण इजा. ते ठरवायला डॉक्टर गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू आवळता येतो का ते तपासतात, लोक लाजतात आणि कित्येकदा नीट तपासणीच होत नाही. तुमच्या भावाची झालीये का ते विचारा. नसेल तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे जा.

दुसरं एक यंत्र आहे, ऑपरेशन नाही, मानेच्या कातडीवर पट्ट्या लावून करंट देतात आणि सोबत सराव. २०२४ ला ६० लोकांचा निकाल आला, ७२ टक्क्यांना ताकदीत आणि कामात फायदा, डिसेंबरमध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली. पण ते मानेतल्या इजेसाठी, हातांसाठी. भावाच्या पायांसाठी नाही.

एक गोष्ट त्याच्याशी एकट्यानं बोला, बहीण असाल तर एखाद्या मित्राला बोलायला सांगा. २००४ मध्ये अमेरिकेत ६८१ मज्जारज्जूच्या पेशंटना विचारलं की काय परत आलं तर आयुष्य सर्वात बदलेल. हात-पाय दोन्ही गेलेल्यांनी हात सांगितले. फक्त पाय गेलेल्यांनी चालणं नाही, लैंगिक आयुष्य सांगितलं. त्यावर आज इथेच उपचार आहेत, युरॉलॉजिस्टकडे, फक्त कोणी विचारत नाही. आणि व्हीलचेअरवर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, मोबाइलला अलार्म लावा. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखम, झाला तर उद्या कुठलीही चिप आली तरी तो पलंगावर पालथा पडलेला असेल.

प्रश्न : गावाहून मावशी आलीये, आईच्या लकव्याच्या हाताला कबुतराचं गरम रक्त चोळा म्हणते. – लालबाग

उत्तर : नको. रक्त कातडीतून आत जात नाही, बिघाड मेंदूत आहे आणि आईच्या हाताला गरम-गार नीट कळत नसेल तर भाजेल ते वेगळंच. मावशीला चोळायचंच असेल तर कोमट खोबरेल तेल द्या, मन राहील तिचं. आणि तिला एक काम द्या, गावात सगळ्यांना सांगायचं : तोंड वाकडं झालं, एक हात गळला, बोलणं अडखळलं की घड्याळ बघायचं आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला सुटायचं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही दिसला तरच. वाटेत ॲस्पिरिन द्यायची नाही, पाणी पाजायचं नाही.