टी-पेशी आणि जीन थेरपीच्या संशोधनात खरंच आयुष्य जातं का?

प्रश्न असा आहे: ‘मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टी-पेशी आणि जीन थेरपीत संशोधन करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, त्यात आयुष्य जाईल. खरंच किती वर्षं लागतात?’

हो, आयुष्य जातं. घरचे चुकीचं सांगत नाहीत. पण ते कशात जातं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. मी अकरा वर्षं टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, काम करतेय. त्यातली सहा पीएचडीत गेली. आणि या अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा वाटा पेशी जिवंत ठेवण्यात गेलाय. ३७ अंशांचा इन्क्युबेटर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया (पेशींचं पोषणद्रव) बदलणं. पेशींना रविवार नसतो, दिवाळीही नसते.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. या क्षेत्रातलं सर्वांत मोठं यश नेमकं याच कामातून आलंय, म्हणून सांगते.

कार्ल जून हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कार-टी म्हटलं की त्यांचंच नाव निघतं. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांत एक जनुक घालून कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखायला शिकवायचं, त्या कोट्यवधींनी वाढवायच्या आणि त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडायच्या, असा हा उपचार. पेशीत जनुक घालतात, म्हणून तो जीन थेरपीतच मोडतो. पण जून कर्करोगाचं ध्येय ठरवून सरळ तिथवर गेलेले नाहीत. ते अमेरिकी नौदलातले डॉक्टर. अणुयुद्ध झालं तर किरणोत्सार झालेल्यांवर उपचार करणारी माणसं नौदलाला हवी होती, म्हणून त्यांना सिॲटलला अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकायला पाठवलं गेलं. परत बेथेस्डाला नौदलाच्या संशोधन संस्थेत आले, तर तिथे भर संसर्गजन्य रोगांवर. मग त्यांनी एचआयव्ही घेतला.

एचआयव्हीच्या रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर वाढवून परत देता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. टी-पेशी वाढवणं तेव्हा फार किचकट. टी-पेशीला जागं करायला दोन संकेत लागतात, एक सीडी-३ मधून आणि दुसरा सीडी-२८ मधून; ही दोन्ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. नुसता पहिला दिला तर पेशी थोडी हलते आणि सुस्तावते. जून आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हाइन यांनी पेशीएवढ्या आकाराच्या चुंबकीय बीड्सवर (मण्यांवर) हे दोन्ही संकेत देणाऱ्या अँटिबॉडी चिकटवल्या. पेशी वाढल्या, आठवड्यांमागून आठवडे वाढत राहिल्या. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली. बाधित माणसाच्या पेशी वाढवल्या तर विषाणूही वाढेल, अशी धास्ती होती. पण या बीड्सवर वाढलेल्या पेशींवरचं सीसीआर-५ हे प्रथिन घटत होतं, आणि विषाणूला आत शिरायला तोच दरवाजा लागतो. हे १९९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालं. एचआयव्हीवर त्यातून इलाज निघाला नाही. पण टी-पेशी कशा वाढवायच्या हे हाती लागलं, आणि पुढे जनुक पोचवायला वाहक म्हणून निकामी केलेला एचआयव्हीच कामी आला.

१९९९ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी तिथल्याच एका वेगळ्या जीन थेरपी चाचणीत १८ वर्षांचा मुलगा दगावला आणि हे सबंध क्षेत्रच थिजलं. घरी पत्नीला ओव्हरीचा कर्करोग होता. २००१ मध्ये त्या गेल्या. त्या दोन-तीन वर्षांत हा माणूस प्रयोगशाळेत येत राहिला, याचं मला आजही नवल वाटतं.

कार-टीमधल्या ‘कार’ची, म्हणजे कर्कपेशीवरची खूण ओळखणाऱ्या कृत्रिम ग्राहीची, कल्पना जून यांची नव्हती, हेही सांगायला हवं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले झेलिग एशर यांनी १९८९ मध्ये अँटिबॉडीचा तुकडा टी-पेशीच्या ग्राहीला जोडून दाखवला होता. पण त्या पेशी शरीरात टिकत नसत. दुसरा संकेत त्याच रेणूत आतून जोडला, तेव्हा त्या टिकल्या. न्यूयॉर्कच्या मिशेल सादलेन यांनी सीडी-२८ वापरला. तेव्हा मेम्फिसला असलेल्या दारियो कॅम्पाना यांनी ४-१बीबी हा दुसरा संकेत-रेणू वापरला, आणि जून यांच्या गटानं घेतली ती कॅम्पाना यांची रचना.

२०१० मध्ये तीन रुग्णांना या पेशी दिल्या. तिघांनाही क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, सगळे उपाय थकलेले. दोघांचा आजार पूर्ण नाहीसा झाला, तिसऱ्याचा अंशतः. तिघांनंतर पैसे संपले. २०११ मध्ये निकाल छापून आले तेव्हा लोकांनी त्यातला एक आकडा पुन्हा पुन्हा तपासला: शरीरात सोडलेल्या एका टी-पेशीनं सरासरी किमान १००० कर्कपेशी मारल्या होत्या.

मग २०१२. एमिली व्हाइटहेड, सहा वर्षांची, ल्युकेमिया दोनदा उलटलेला. पेशी दिल्यावर ती मरणाच्या दारात गेली. ताप उतरेना, व्हेंटिलेटर. रक्तात आयएल-६ हे संकेत-प्रथिन हजारपट वाढलेलं दिसलं. आयएल-६ रोखणारं औषध संधिवातासाठी नुकतंच आलं होतं, आणि ते जून यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता. त्या औषधाचा, टोसिलिझुमॅबचा, डोस दिला आणि काही तासांत ताप उतरू लागला. सातव्या वाढदिवशी ती शुद्धीवर आली. ती वाचली नसती तर हे संशोधन तिथेच थांबलं असतं, असं जून स्वतः सांगतात. ऑगस्ट २०१७ मध्ये या कार-टी उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. एशर यांच्या शोधनिबंधाला तेव्हा २८ वर्षं झाली होती.

तर ‘किती वर्षं’ याचं उत्तर हे आहे. यातली कुठलीही एक पायरी एका माणसानं पूर्ण केली नाही.

आपल्याकडेही हे काम उभं राहिलंय. आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून नेक्सकार-१९ हे भारतीय कार-टी औषध बनवलं. जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, पहिला रुग्ण आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता. अमेरिकेत पहिल्या कार-टीची किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथलं औषध त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळतं. तेही सामान्य घराला झेपणारं नाही. घट्ट गाठींच्या कर्करोगांवर कार-टी अजून नीट चालत नाही. या दोन्ही ठिकाणी तुमच्या पिढीला भरपूर काम आहे.

आता माझं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कल्चर रूममध्ये (पेशी वाढवायच्या खोलीत) मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत. फक्त निकाल चुकतात. सात महिन्यांचे आकडे मी हातानं खोडले. घरी सांगितलं तर आई एवढंच म्हणाली, ‘मग परत लाव.’ मी परत लावलं. दुसऱ्या वेळचे निकाल पहिल्यापेक्षा निराळे आले, आणि माझा शोधनिबंध त्याच निकालांवर उभा आहे. त्या दिवसापासून मी दर महिन्याला मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी चुकवलेली नाही.

तुम्ही आत्ता काय कराल? नेट-जेआरएफ परीक्षेची तयारी चालू ठेवा, तिच्यामुळे पीएचडीच्या फेलोशिपचा प्रश्न सुटतो. शेवटच्या सत्राचं डिझर्टेशन अशा लॅबमध्ये करा जिथे माणसाच्या रक्तातून काढलेल्या टी-पेशी वाढवतात; नुसत्या सेल लाइन्सवर (लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या तयार पेशींवर) हात बसला तर खरं दुखणं कळत नाही. पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, खारघरला अ‍ॅक्ट्रेक, पवईला आयआयटी. सरांना ईमेल करताना त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल विचारा. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी मोजून ओळखायचं तंत्र, शिका, सॉफ्टवेअरसकट.

आणि लॅब बघायला जाल तेव्हा तिथल्या पीएचडीच्या मुलांना बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारा. कल्चर बिघडलं तर इथे ते उघड सांगता येतं का? आणि रविवारी पेशी कोण बघतं? पाळ्या लावलेल्या असतील आणि त्यांत सरांचंही नाव असेल, तर तिथे अर्ज करा.