'रन' पाठ करू नकोस

इंग्रजीतल्या 'रन' (run) या क्रियापदाचे सगळे अर्थ एका बैठकीत पाठ करायचा नाद आधी सोड. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ होते, पुढे 'रन'ने त्यालाही मागे टाकलं. एवढं कुणाच्याच डोक्यात मावत नाही, इंग्रजांच्याही नाही.

त्यापेक्षा कर्ता कोण ते बघ. माणूस धावतो, नाक किंवा नळ असेल तर वाहतो, नव्या कुर्त्याचा रंग असेल तर जातो आणि बादलीतल्या बाकीच्या कपड्यांना लागतो. दुकान, पंखा, बस यांना आपलं 'चालणं' बहुतेक वेळा चपखल बसतं. लोकल मात्र मराठीतही धावतेच, दादरला दहा मिनिटं उशिरा आली तरी!

खरी गोची पुढच्या चिमुकल्या शब्दाने होते. 'रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली, तिथे धावबादचा संबंध नाही. 'रन इंटू' म्हणजे वाटेत अचानक गाठ पडणं, पण गाडी आणि खांब असतील तर थेट धडक. 'रन ओव्हर' तर भलतंच: कार्यक्रम लांबला तरी तेच, कुणी गाडीखाली आलं तरी तेच. असे जोडशब्द वाक्यासकट वहीत उतरव, सुटे नकोत.

'रनवे', 'रनर-अप' तुला येतातच, त्यांवर वेळ घालवू नकोस. 'हॅव रॅन' मात्र कटाक्षाने टाळ; 'हॅव'नंतर पुन्हा 'रन'च येतं. मुलाखतीत ही चूक पटकन कानाला खटकते.