६७ वर्षांच्या आईला स्मार्टफोन द्यावा की बटणांचाच बरा?

फसवणुकीच्या बातम्यांची भीती वाटते, म्हणून आईला साधाच फोन ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या दादाचं शब्दशः हेच म्हणणं होतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. आम्ही नागपुरात, दादा पुण्यात. आईच्या हातात स्मार्टफोन द्यायचा नाही, हे त्याने तिथूनच ठरवून टाकलं. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या नोव्हेंबरात तो द्यायला मी तिला बर्डीवरच्या बँकेत नेलं. अंगठ्याच्या मशीनवर तिचा एकही ठसा घेईना. चाळीस वर्षं धुणीभांडी केलेली बोटं, रेषा झिजून गेल्या होत्या. "आजी, जोरात दाबा नं," काउंटरवरचा म्हणाला. मागे रांग. आई पदराला बोटं पुसून परत दाबत होती. उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या खेपेला कागदावर सही घेतली. ऑटोत बसल्यावर घर येईपर्यंत ती आपली बोटंच पाहत होती.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, हे मला नंतर कळलं. मी आईला विचारलं, फोन आणू का? "आण, शिकून घेईन." दादाला विचारलं नाही. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप घातली. पुढच्या नोव्हेंबरात ती खिडकीकडे पाठ करून बसली, तोंडावर अंधार, काही होईना. मग उजेडाकडे तोंड केलं, पापणी मिटली, झालं. आलेला मेसेज तिने मला मोठ्याने वाचून दाखवला.

दादा म्हणाला, "हे तुझ्या फोनवरूनही झालं असतं." झालं असतं. पण मग ती दरवर्षी माझ्या सवडीची वाट बघत बसली असती, जशी बाबांच्या सवडीची बघायची. बाबा होते तोवर तिने पासबुक कधी उघडलं नव्हतं. आता गोकुळपेठ बाजारात पंधरा रुपयांची सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीसुद्धा स्कॅन करून घेते.

राहिली फसवणूक. ओटीपी बटणांच्या फोनवरही येतो, आणि लुबाडणारा मुळात कॉलच करतो. तेव्हा फोन काढून घेऊन ती थांबत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिच्याकडून दहादा म्हणवून घ्या. पोलीस बोलतोय म्हणून कोणी धमकावलं तर फोन कापायचा. फोनवरून अटक, म्हणजे डिजिटल अरेस्ट, असं काही कायद्यात नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका. वेगळं खातं काढा, त्यात दोन-तीन हजारच ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि आईला दिसायला त्रास असेल किंवा तिलाच नको असेल, तर बटणांचा राहू द्या. २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे देता येतात. फक्त तिला विचारा आधी. दादाने आईला एकदाही विचारलं नव्हतं.