परदेशी खरेदीदाराशी करार करताना वादासाठी कोर्ट लिहावं की लवाद?

लवाद लिहा, म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंना मान्य त्रयस्थाने वादाचा निवाडा द्यायचा. खटला जिंकणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. एका देशातल्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या देशात आपोआप लागू होत नाही. लवादाच्या निवाड्याला मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा, म्हणजे परदेशी निवाडे मान्य करून अमलात आणायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आधार मिळतो. त्यात १७० हून जास्त देश आहेत आणि निवाडा नाकारायची कारणंही मोजकीच.

पण कलम नीट लिहा, हात जोडून सांगतो. ‘वाद लवादाकडे जाईल’ एवढ्या एका ओळीवर सह्या झालेले करार मी पाहिलेत. लवादाचं स्थान कुठलं, नियम कोणत्या संस्थेचे, निवाडा देणारे लवाद किती जण, भाषा कोणती, काहीच नाही! मग थकबाकी राहते बाजूला आणि महिनोन्महिने यावरच भांडण. मालविक्री असेल तर १९८० चा व्हिएन्ना करार (आंतरराष्ट्रीय मालविक्रीचे समान नियम) लागू होतो का, तेही सहीआधी बघा.